घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोट्या स्टुडिओसाठी चार लॅपटॉप मागवले : 64 जीबी मेमरी, 2 टीबी स्टोरेज, वरच्या दर्जाचा स्क्रीन. ऑर्डर देताना 3 आठवडे सांगितले होते. आता अकरावा आठवडा चालू आहे, तारीख चार वेळा पुढे गेली, आणि ऑर्डरच्या पानावर गेले 40 दिवस 'उत्पादनात' एवढाच शब्द दिसतो. कंपनी थापा मारतेय का? रद्द करून दुसरीकडे जावं का? आणि एवढ्या बलाढ्य कंपन्या आपापल्या देशात कारखाने काढून हा घोळ एकदाचा मिटवत का नाहीत?

मी बावीस वर्षं संस्थांसाठी संगणक खरेदी करतोय. कधी चार, कधी चारशे. आधी तातडीचं सांगतो : आज रद्द करू नका. आज एक ओळीची मेल पाठवा. 'या ऑर्डरमधला कोणता भाग अजून कारखान्यात आलेला नाही?' एवढंच. 'कधी मिळेल' असं विचारलंत तर पाचवी तारीख मिळेल, आणि तीही चुकेल. भाग विचारलात तर निदान कशाची वाट बघतोय ते कळेल, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता 'उत्पादनात' या शब्दाकडे या. तो वाचला की डोळ्यांसमोर येतं की कोणीतरी आपला लॅपटॉप उघडून बसलंय, स्क्रू पिळतंय. तसं काही नसतं. सगळे भाग हाताशी असतील तर एका लॅपटॉपची जुळणी, चाचणी आणि सॉफ्टवेअर भरणं मिळून एक-दोन दिवसांत उरकतं. पण सगळे भाग जमल्याशिवाय कारखाना ऑर्डर जुळणीच्या लाइनवर घेतच नाही. अर्धवट जुळवलेलं मशीन जागा अडवतं, पैसा अडवतं, आणि त्याचा हिशेब ठेवणं ही वेगळीच कटकट. म्हणून 'उत्पादनात' याचा खरा अर्थ : तुमचा कागद कारखान्याच्या रांगेत लागलाय. 40 पैकी 38 दिवस त्याला कोणी हातही लावलेला नसतो.

आणि हा कारखाना बहुतेक वेळा झाकणावर नाव असलेल्या कंपनीचा नसतोच. जगातले बहुसंख्य लॅपटॉप क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन अशा मोजक्या तैवानी कंपन्या बनवतात. त्यांचे मोठे कारखाने चीनमध्ये शांघाय, खुन्शान, चोंगछिंग, छंग्तू या पट्ट्यांत आहेत. अलीकडे काही काम व्हिएतनाम आणि थायलंडकडे सरकलंय. एकाच कंपनीच्या छपरांखाली तीन-चार प्रतिस्पर्धी ब्रँडची मशीनं जुळतात. त्यामुळे 'या ब्रँडनं दगा दिला, त्या ब्रँडकडे जाऊ' हा राग काढायला ठीक आहे, पण कित्येकदा आपण त्याच कारखान्याच्या दुसऱ्या दारात जाऊन उभे राहतो. 2022 च्या वसंतात शांघाय टाळेबंदीत अडकलं तेव्हा ॲपलच्या मॅकबुकची जुळणी करणारा क्वांटाचा कारखानाही ठप्प झाला, आणि काही मॅकबुक प्रोची प्रतीक्षा दोन महिन्यांच्या घरात गेली. ॲपलसारख्या कंपनीची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

पण जुळणी ही शेवटची पायरी. खरा वेळ त्याच्या कितीतरी आधी जातो. प्रोसेसरची चिप वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, घडवायला सुरुवात झाल्यापासून ती बाहेर पडेपर्यंत साधारण तीन महिने लागतात. शेकडो टप्पे असतात, एकावर एक थर चढत जातात, आणि यातला एकही टप्पा जादा पाळी लावून उरकता येत नाही. अत्याधुनिक चिप्सपैकी बहुतेक तैवानच्या टीएसएमसीमध्ये घडतात. त्या घडवायला लागणारं सर्वांत प्रगत लिथोग्राफीचं (प्रकाशानं वेफरवर नक्षी उमटवण्याचं) यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनची एएसएमएल. वेफर कापल्यावर चिप पॅकेजिंगला, म्हणजे आवरणात बसवायला जाते, बऱ्याचदा दुसऱ्या देशात; मलेशियातलं पेनांग हे त्यातलं मोठं केंद्र. तिथे प्रोसेसर ज्या पातळ पाटीवर बसवतात तिच्यात एक इन्सुलेटिंग फिल्म लागते, आणि ती जवळजवळ सगळ्या जगाला पुरवते आजिनोमोतो. हो, तीच अजिनोमोटोवाली. 2021 मध्ये या पाट्यांची टंचाई झाली तेव्हा मी आमच्या वरिष्ठांना हे कारण लिहून दिलं होतं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

तरीसुद्धा प्रोसेसरसाठी मशीन अडलंय असं मी फार कमी वेळा पाहिलंय. महागड्या भागावर सगळ्यांचं लक्ष असतं; त्याची मागणी वर्षभर आधी नोंदवलेली असते. हत्ती जातो आणि शेपूट अडकतं. स्क्रीन चालवणारी चिप, वीज नियंत्रित करणारी चिप, आवाजाची चिप : किंमत एखाद-दोन डॉलर, कधी त्याहूनही कमी. या चिप्स जुन्या तंत्रावर, जुन्या फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यांत), बऱ्याच तर 200 मिमीच्या वेफरवर बनतात. तिथे नफा थोडा, म्हणून नवा फॅब काढायला फारसं कोणी पुढे येत नव्हतं. 2020 च्या वसंतात मोटार कंपन्यांनी चिप्सच्या ऑर्डरी रद्द केल्या, त्याच वेळी घरून काम आणि घरून शाळा सुरू झाल्यामुळे लॅपटॉपवर उड्या पडल्या. काही महिन्यांत मोटारवाले परत आले, तोवर त्यांची जागा गेली होती. मग दुष्काळात तेरावा महिना : ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमध्ये नोबेओकाला एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्यात आग, फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससच्या कडाक्याच्या थंडीत वीज गेली म्हणून ऑस्टिनचे फॅब बंद, आणि मार्चमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या जपानमधल्याच नाका इथल्या कारखान्यात आग. यातल्या एकाही ठिकाणी संगणक बनत नव्हता.

त्याच वर्षी मी 160 लॅपटॉप आणि तेवढेच डॉकिंग स्टेशन मागवले होते. लॅपटॉप सातव्या आठवड्यात आले. डॉक म्हणजे काय, एक प्लास्टिकची डबी, तीन-चार पोर्ट आणि आत दोन-तीन साध्या चिप्स. ते तब्बल आठ महिन्यांनी आले, वरातीमागून घोडं. आमच्या एक्सेल शीटमध्ये डॉकच्या ओळीपुढे मी बदललेल्या तारखा लिहीत गेलो, आधीची न खोडता. शेवटी त्या ओळीत सतरा तारखा झाल्या. पहिल्या पाच तारखांना मी फोन करून भांडलो. सहाव्या वेळी पुरवठादाराकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच माझ्याही स्क्रीनवर दिसतं." त्या दिवसापासून मी भांडणं सोडलं आणि साधे अडॅप्टर विकत घेऊन 160 लोकांना मॉनिटर जोडून दिले. डॉक आले तेव्हा निम्म्या लोकांनी ते खोक्यातून काढलेही नाहीत.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : थापा बहुधा नाहीत. विक्रेत्याला दिसणारी तारीख एक प्रणाली काढते. प्रत्येक भागाच्या पुरवठादारानं दिलेला वायदा घ्यायचा, त्यातला सर्वांत उशिराचा उचलायचा, त्यात जुळणी आणि वाहतुकीचे ठरावीक दिवस मिळवायचे. एका वायद्यावर दुसरा वायदा. त्यातला एक जरी सरकला की शेवटची तारीख सरकते, आणि दर आठवड्याला हिशेब नव्यानं होतो. मला खोट वाटते ती दुसऱ्या ठिकाणी. माल कमी असला की तो वाटून दिला जातो, आणि वाटप मोठ्या गिऱ्हाइकापासून सुरू होतं. हजारोंची ऑर्डर देणारी कंपनी तुमच्यानंतर येऊन तुमच्या आधी माल उचलू शकते. हे कोणी तुम्हाला सांगणार नाही, पण हे घडतं. मी स्वतः त्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून त्याचा फायदा घेतलाय.

आणखी एक पाप कबूल करतो. 2021 मध्ये मी एकाच गरजेसाठी दोन पुरवठादारांकडे ऑर्डर टाकून ठेवली होती. जो आधी देईल त्याची ठेवायची, दुसरी रद्द. मी एकटा नव्हतो, सगळे तेच करत होते. दुकानदार जरा जास्त मागवतो, वितरक त्याहून जास्त, ब्रँड त्याहून जास्त, आणि चिपच्या कारखान्यापर्यंत पोचेपर्यंत दहाच्या मागणीचे तीस होतात. टंचाई खरी होतीच, पण तिला आम्ही फुगवली. 2022 संपेपर्यंत चित्र पालटलं, गोदामं भरून वाहू लागली, आणि ज्या मेमरीसाठी रांगा होत्या तिचे भाव कोसळले.

वाहतुकीला लोक वाजवीपेक्षा जास्त दोष देतात. लॅपटॉप हलका आणि महाग, म्हणून तो बऱ्याचदा विमानानं येतो. डेस्कटॉप आणि मॉनिटर जहाजानं. जगातल्या हवाई मालापैकी साधारण निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा, त्यामुळे 2020 मध्ये प्रवासी विमानं जमिनीवर उभी राहिली तेव्हा लॅपटॉपही अडले. समुद्रावर मार्च 2021 मध्ये 400 मीटर लांबीचं एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आशियातून युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढला. चोंगछिंगहून जर्मनीतल्या डुइसबुर्गला 2011 पासून थेट मालगाडी जाते. ती मुळात सुरू झाली ती या लॅपटॉपवाल्यांमुळेच. पण वाहतुकीचा उशीर मोजता येतो. जहाज कुठे आहे ते नकाशावर दिसतं. अकराव्या आठवड्यात 'उत्पादनात' दिसत असेल तर तुमचा माल अजून ट्रकमध्येही चढलेला नाही, तेव्हा बंदरांच्या बातम्या वाचत बसू नका. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : सुटी लिथियम-आयन बॅटरी 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही. लॅपटॉपमध्ये बसवलेली चालते, सुटी नाही. म्हणून जुन्या मशीनसाठी मागवलेली बॅटरी कधी कधी नव्या लॅपटॉपपेक्षा उशिरा येते.

'देशातच का बनवत नाहीत' याचं उत्तर रास्पबेरी पायनं देऊन ठेवलंय. तो चिमुकला संगणक वेल्समध्ये पेनकोएडला सोनीच्या कारखान्यात जुळतो. म्हणजे ब्रिटिश संगणक, ब्रिटनमध्येच जुळणी. तरी 2021 पासून तो मिळेनासा झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी इतिहासात पहिल्यांदा भाव वाढवला, 2 जीबीचा 'रास्पबेरी पाय 4' हा 35 वरून 45 डॉलरला गेला, आणि जो माल होता तो आधी त्यावर धंदा चालवणाऱ्या उद्योगांना दिला. कारखाना होता, माणसं होती, मागणी होती. 28 नॅनोमीटरची प्रोसेसर चिप बाहेरून यायची ती येईना. जुळणी घराजवळ आणली म्हणजे शेवटची दोन दिवसांची पायरी घराजवळ येते. मागचे तीन महिने जिथे होते तिथेच राहतात. आणि चिपचा कारखानाच आणायचा तर टीएसएमसीचं ॲरिझोना बघा : घोषणा मे 2020 मध्ये, प्रत्यक्ष उत्पादन 2024 च्या अखेरीस. तिथे बनलेल्या चिप्सही पॅकेजिंगसाठी पुन्हा तैवानला गेल्या.

एकाच ठिकाणी सगळं एकवटण्याची ही खोड जुनीच. जुलै 1993 मध्ये जपानमध्ये निइहामाला सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे बनत होतं चिपवर आवरण चढवायचं राळेसारखं रसायन, जगाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. मेमरीचे भाव भडकले. 2011 मध्ये थायलंडला पूर आला तेव्हा मी खरेदीत होतो. वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना पाण्याखाली गेला, शेजारी हार्ड डिस्कची मोटर बनवणाऱ्या निडेकचे कारखानेही गेले. आमच्याकडे एका सर्व्हरसाठी 24 डिस्क हव्या होत्या. सकाळी भाव घेतला, दुपारी मंजुरी आणली, संध्याकाळी तो भाव संपलेला होता. आठवड्याभरात दुपटीच्या पुढे. शेवटी दुकानातून बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क आणल्या, प्लास्टिक फोडून आतल्या डिस्क काढल्या आणि सर्व्हरमध्ये बसवल्या. वॉरंटी अर्थातच गेली. मला त्याचा अभिमान नाही, पण सर्व्हर चालला.

आता तुमच्या चार लॅपटॉपकडे येतो, कारण तुमच्या यादीत मला एक गोष्ट खटकते : 64 जीबी. 2025 च्या उत्तरार्धापासून मेमरी हाच नाजूक भाग झालाय. जगातली जवळजवळ सगळी डीरॅम, म्हणजे संगणकाची ही मेमरी, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांचाही ओढा एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या एचबीएम या अतिवेगवान मेमरीकडे आहे. तेवढ्याच क्षमतेसाठी एचबीएमला साध्या मेमरीच्या साधारण तिप्पट वेफर लागतात. म्हणजे तिकडे एक गेलं की इकडचे तीन कमी. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉननं सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मेलच्या उत्तरात 'मेमरी' असा शब्द आला तर मला नवल वाटणार नाही.

तसं असेल तर पुढचा प्रश्न : या मॉडेलमध्ये मेमरी खाचेत बसते की बोर्डवर सोल्डर केलेली असते? खाचेत बसत असेल तर 32 जीबीचं मशीन घेऊन उरलेली नंतर घालता येईल. पण सुटी मेमरीही महागली आहे, त्यामुळे हा बचतीचा मार्ग राहिलेला नाही. यात फक्त वेळ वाचतो. सोल्डर केलेली असेल तर आत्ताच ठरवा की चौघांनाही 64 खरंच लागते का. माझा अनुभव असा की चौघांपैकी एकाला लागते, आणि उरलेल्या तिघांसाठी 'असू दे' म्हणून लिहिलेली असते. त्या 'असू दे' साठी तुम्ही अकरा आठवडे थांबलात.

मात्र आहे त्या ऑर्डरमध्ये बदल करायला लगेच सांगू नका. बहुतेक ठिकाणी कॉन्फिगरेशन बदललं की ऑर्डर नवी धरली जाते आणि तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. त्याऐवजी वितरकाकडे तयार असलेली कॉन्फिगरेशन्स विचारा. प्रत्येक मॉडेलचे दोन-तीन ठरीव नमुने ब्रँड आधीच बनवून गोदामात ठेवतो. वेबसाइटवर एकेक पर्याय निवडून मागवलेलं मशीन तसं कुठेच ठेवलेलं नसतं. गोदामात मनासारखा 80 टक्के जुळणारा नमुना सापडला तर त्याची वेगळी ऑर्डर द्या, तो हातात पडल्यावर जुनी रद्द करा. 'स्टॉकमध्ये आहे' यावर विसंबू नका, 'कोणत्या गोदामात, किती नग' हे लिहून मागा. वाटेत असलेल्या मालालाही लोक स्टॉक म्हणतात.

रद्द करण्याआधी तुमच्या जुन्या ऑर्डरचा भाव आणि आजचा भाव शेजारी ठेवून बघा. तीन महिन्यांपूर्वीचा भाव बांधलेला असेल आणि मधल्या काळात किमती चढल्या असतील तर ती ऑर्डर सोडणं म्हणजे हातचं घालवणं. विक्रेताच तुम्हाला आडून आडून रद्द करायला सुचवत असेल तर हा हिशेब नक्की करा.

आणि चारही मशीनं एकदम मिळण्याची अट आहे का ते पाहा. बऱ्याच ऑर्डरींत त्या अटीपुढे मुळातच टिक केलेली असते, कोणी वाचत नाही. दोन तयार होऊन दोनांसाठी थांबलेली असू शकतात. तुकड्यांत पाठवायला लेखी परवानगी द्या. मधल्या काळात काम अडलं असेल तर एक मशीन दोन महिने भाड्यानं घ्या, आणि जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी घालून बघा. परदेशी वॉरंटीचा, परस्पर आणलेला माल कोणी लगेच देऊ करत असेल तर अनुक्रमांक ब्रँडच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठे लागू आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेलला उत्तर म्हणून 'जागतिक टंचाईमुळे' असं आलं तर ते उत्तर धरू नका, तोच प्रश्न पुन्हा पाठवा. 'स्क्रीन' आलं तर साध्या स्क्रीनचा तयार नमुना शोधा. 'मेमरी' आलं तर वर लिहिलंय. आणि 'सगळे भाग आलेत, पुढच्या आठवड्यात लाइनवर जाईल' असं आलं तर काहीही बदलू नका, कुणाला फोनही करू नका. एवढं थांबलात तर आणखी पंधरा दिवस थांबा.